डॉ. विल्यम बोमाँट आणि अलेक्सिस सेंट मार्टिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिवंत माणसाच्या जठरात डोकावून, तासागणिक टिपणं ठेवून पचनाची प्रक्रिया सविस्तर मांडली ती अमेरिकेतल्या विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने. त्याचं पुस्तक १८३३ साली निघालं. या डॉक्टरविषयी, आणि ज्याच्या पोटात त्याने डोकावलं त्या माणसाविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि इतर वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शीर्षकात दोघांचीही नावं आहेत, कारण एकाला वगळून दुसऱ्याबद्दल लिहिणं आम्हाला योग्य वाटत नाही.

पोटाला भोक असलेला माणूस खरंच होता, की ही ऐकीव गोष्ट आहे?

खरंच होता. अलेक्सिस सेंट मार्टिन हा कॅनडातल्या क्विबेकचा, फ्रेंच बोलणारा तरुण. अमेरिकन फर कंपनीत त्याची नोकरी होती होड्या वल्हवण्याची आणि कातड्यांचे जड गठ्ठे पाठीवरून वाहून नेण्याची. ह्युरॉन आणि मिशिगन ही दोन सरोवरं जिथे मिळतात तिथे मॅकिनॅक नावाचं बेट आहे. हिवाळाभर रानावनात फिरून जमवलेली बीव्हरसारख्या प्राण्यांची कातडी घेऊन उन्हाळ्यात शेकडो माणसं त्या बेटावर उतरत. ६ जून १८२२ रोजी सकाळी कंपनीच्या दुकानात गर्दी असताना कुणाच्या तरी हातातली छऱ्यांची बंदूक चुकून उडाली. बंदुकीचं तोंड अलेक्सिसपासून तीन फुटांवरही नव्हतं. सगळा बार त्याच्या डाव्या कुशीत घुसला.

जखम नेमकी कशी होती?

बोमाँटचं वर्णन आजही वाचवत नाही. डाव्या छातीखाली तळहाताएवढं मांस उडालं होतं. सहाव्या बरगडीचा पुढचा अर्धा भाग गेला होता आणि पाचवी मोडली होती. फुफ्फुसाचा खालचा भाग फाटून टर्कीच्या अंड्याएवढा लोळा बाहेर आला होता. त्याच्या खाली जठराचा तुकडा दिसत होता, त्याला भोक पडलं होतं आणि त्यातून सकाळची न्याहारी बाहेर येत होती. डॉक्टर अर्ध्या तासाच्या आत पोचला. मोडक्या बरगडीचं टोक फुफ्फुसात रुतत होतं, ते त्याने खिशातल्या चाकूने कापलं, फुफ्फुस आत ढकललं आणि जखम बांधली. हा काही ३६ तासांपेक्षा जास्त काढत नाही, अशीच त्याची अटकळ होती.

पण अलेक्सिस जगला. पहिले १७ दिवस तो जे काही गिळे ते सगळं जखमेतून बाहेर पडे. रेचक दिलं तर तेही तिथूनच आलं. त्या काळात गुदद्वारातून पातळ पोषक द्रव देऊन त्याला तगवलं. पुढे जखमेवर दाबून पट्ट्या बांधल्यावर अन्न पोटात टिकायला लागलं. बरगडीचे आणि कूर्चेचे तुकडे त्यानंतरही कित्येक महिने बाहेर येत राहिले.

हा डॉक्टर कोण? त्याने शिक्षण कुठे घेतलं?

विल्यम बोमाँटचा जन्म कनेक्टिकटमधल्या लेबनन गावी २१ नोव्हेंबर १७८५ रोजी, एका शेतकरी घरात झाला. विशीत घर सोडून तो न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला शँप्लेन गावी गेला आणि शाळेत शिकवू लागला. १८१० मध्ये तो शेजारच्या व्हर्मांटमधल्या सेंट ऑल्बन्सला डॉ. बेंजामिन चँडलर यांच्याकडे उमेदवारीला राहिला. वैद्यकीय कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. त्या काळच्या अमेरिकेत यात वावगं काही नव्हतं, कारण बहुतेक डॉक्टर असेच तयार होत. गुरूच्या घरी राहायचं, औषधं कुटायची, रोग्यांकडे सोबत जायचं, मेलेल्या माणसाचं शवविच्छेदन पाहायचं आणि रात्री पुस्तकं वाचायची. जून १८१२ मध्ये व्हर्मांटच्या वैद्यकीय संस्थेने परीक्षा घेऊन त्याला परवाना दिला.

त्याच महिन्यात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं. बोमाँट सहाव्या पायदळ पलटणीत साहाय्यक सर्जन म्हणून दाखल झाला. एप्रिल १८१३ मध्ये यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, अमेरिकन सैन्याने घेतलं तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी दारूगोळ्याचं कोठार उडवून दिलं. त्या स्फोटातल्या जखमींचे हातपाय कापण्यात आणि कवट्यांना छिद्रं पाडण्यात त्याचे पुढचे दिवस-रात्र गेले. म्हणजे मॅकिनॅकच्या दुकानात त्याला बोलावणं आलं तेव्हा बंदुकीच्या जखमा त्याला नवीन नव्हत्या. युद्धानंतर काही वर्षं त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गला खाजगी दवाखाना चालवला, मग पुन्हा लष्करात जाऊन १८२० मध्ये मॅकिनॅकच्या किल्ल्यावर रुजू झाला. बेटावर दुसरा डॉक्टर नव्हता.

ते भोक भरून का आलं नाही?

जखम भरताना जठराची फाटलेली कड बाहेरच्या त्वचेच्या आणि स्नायूंच्या कडेला चिकटली आणि तशीच जुळून आली. ओठाला जशी आतली आणि बाहेरची त्वचा एकाच कडेवर मिळते, तसं झालं. कड एकदा जुळली की भोक आपोआप बुजत नाही. एका परीने यामुळेच अलेक्सिस वाचला. जठर उदराच्या पोकळीत सुटं राहिलं असतं, तर आतलं अन्न तिथे सांडून पू झाला असता आणि त्या काळात त्यातून कुणी उठत नसे.

कडा उत्तेजित करून भोक बुजवण्याचा प्रयत्न आपण आठ-दहा महिने केला, असं बोमाँट लिहितो. कडा कापून टाके घालणं एवढाच मार्ग उरला होता आणि त्याला अलेक्सिस तयार झाला नाही. भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती. इथरची भूल आली १८४६ मध्ये. आधीच इतकं सोसलेला माणूस शुद्धीत असताना पुन्हा कापून घ्यायला नको म्हणाला, यात नवल नाही.

दीड वर्षाने जठराच्या अस्तराची एक घडी आतून वाढली आणि तिने भोकावर झडपेसारखं झाकण धरलं. आता पट्टीशिवायही अन्न बाहेर येईना. मात्र बोटाने ती घडी सहज आत ढकलता येई, आणि मग जठर उघडं दिसे.

बोमाँटच्या आधी पचनाबद्दल काहीच माहीत नव्हतं का?

असं म्हणणं आधीच्यांवर अन्याय होईल. फ्रान्समध्ये रेओमूर याने अठराव्या शतकाच्या मध्यावर पाळीव घारीला धातूच्या नळ्या आणि स्पंज गिळायला लावून जठरातला रस मिळवला होता. इटलीत स्पालान्झानी याने स्वतःच कापडाच्या छोट्या पिशव्यांत अन्न भरून त्या गिळल्या आणि पुढे त्या तपासल्या. लंडनच्या विल्यम प्राउट याने तर १८२४ मध्ये जठररसातलं आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवून दिलं. तरीही वाद मिटला नव्हता. जठर अन्न दळतं, असं म्हणणारे होते. अन्न आंबतं, असं म्हणणारे होते. ते तिथे कुजतं किंवा शरीराच्या उष्णतेने शिजतं, असंही कुणी म्हणे. चालू असलेलं पचन जिवंत, धडधाकट माणसात पुन्हा पुन्हा पाहायची सोय कुणाकडेच नव्हती. ती एका सीमेवरच्या किल्ल्यातल्या डॉक्टरला मिळाली, तीही ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांपासून शेकडो मैल दूर.

प्रयोग प्रत्यक्षात कसे होत?

प्रयोगांची सुरुवात १८२५ मध्ये झाली. पुस्तकातला पहिला प्रयोग १ ऑगस्टचा आहे आणि तो पूर्ण सांगण्यासारखा आहे.

दुपारचे १२ वाजले होते. बोमाँटने रेशमी दोऱ्याला ठरावीक अंतरावर सहा पदार्थ बांधले : मसाला लावून शिजवलेलं गोमांस, खारवलेली कच्ची डुकराची चरबी, खारवलेलं कच्चं गोमांस, खारवून उकडलेलं गोमांस, शिळा पाव आणि चिरलेली कच्ची कोबी. प्रत्येक तुकडा साधारण सात-आठ ग्रॅमचा. भोकातून दोरा आत सोडला आणि अलेक्सिस घरातल्या नेहमीच्या कामाला लागला. १ वाजता दोरा ओढून पाहिला तर कोबी आणि पाव जवळपास अर्धे विरघळले होते, मांस जसंच्या तसं. पुन्हा आत. २ वाजता कोबी, पाव, चरबी आणि उकडलेलं मांस दोऱ्यावरून नाहीसं झालं होतं. बाकीचे दोन तुकडे फारसे बदललेले नव्हते. पुढच्या वेळी पाहिलं तेव्हा मसाल्याचं मांस थोडं पचलं होतं, कच्चं मांस नुसतं वरवर भिजलं होतं, आणि अलेक्सिसच्या छातीत दुखायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं, पोट साफ होत नव्हतं. जठराच्या अस्तरावर पांढरे ठिपके दिसत होते. बोमाँटने पाऱ्याच्या क्षाराच्या, म्हणजे कॅलोमेलच्या, सहा-एक गोळ्या त्या भोकातूनच आत टाकल्या आणि तोंडाने घेतल्यासारखाच त्यांचा परिणाम झाला, हेही टिपून ठेवलं.

या टिपणांमधली दोन गोष्टींची जोड आम्हाला थक्क करते आणि अस्वस्थही करते. घड्याळाकडे पाहून केलेली अचूक नोंद तिथे आहे. त्याच ओळींमध्ये दुखणारं पोट आणि दुखणारं डोकंही आहे. माणसाला त्रास होतोय हे डॉक्टरने लपवलं नाही. पण त्यासाठी प्रयोगही कायमचे थांबवले नाहीत.

जठराबाहेर काचेच्या कुपीत अन्न पचवलं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि बोमाँटच्या कामातला हाच भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच ऑगस्टमध्ये अलेक्सिसला १७ तास उपाशी ठेवून त्याने जठरात थर्मामीटर सोडला. पारा १०० अंश फॅरनहाइटवर स्थिरावला. मग रबरी नळीने औंसभर जठररस काढला, कुपीत भरला, त्यात उकडलेल्या गोमांसाचा एक तुकडा टाकला, बूच लावलं आणि कुपी १०० अंशांच्याच कोमट पाण्यात ठेवली. तेवढाच दुसरा तुकडा दोऱ्याला बांधून जठरात सोडला.

चाळीस मिनिटांत कुपीतल्या मांसाच्या पृष्ठभागावर पचन सुरू झाल्याचं दिसलं. तासाभराने दोन्ही तुकड्यांची अवस्था जवळपास सारखी होती. दुसऱ्या तासाअखेर जठरातला दोरा रिकामा आला. कुपीतल्या मांसाला दहा तास लागले, पण शेवटी तेही पूर्ण विरघळलं. कुपीत दळणारे स्नायू नव्हते, जीवही नव्हता. होता फक्त रस आणि ऊब. म्हणजे पचन ही रासायनिक क्रिया आहे. दळण्याच्या आणि शिजण्याच्या सिद्धान्तांना हे अगदी साधं उत्तर होतं. जठरात काम लवकर झालं, कारण तिथे रस सतत ताजा येत होता आणि जठराच्या हालचालीने अन्न घुसळलं जात होतं.

त्याने आणखी काय दाखवलं?

उपाशी जठरात रस साठून राहत नाही, अन्न आत आलं की तो स्रवायला लागतो. अस्तरावर बारीक थेंब कसे उमटतात आणि ओघळतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. नुसतं पाणी जठरात फार वेळ थांबत नाही. दूध आत गेल्यावर आधी फाटतं आणि मग पचतं. तेलकट पदार्थांना वेळ लागतो. बारीक चावलेलं अन्न लवकर पचतं. माफक हालचाल पचनाला मदत करते, अतिश्रमाने ते मंदावतं.

राग आला की पोट बिघडतं, हेही त्यानेच शोधलं का?

रागावलेल्या माणसाचं खाणं अंगी लागत नाही, हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते. बोमाँटने ते प्रत्यक्ष पाहिलं. अलेक्सिस चिडलेला असताना जठरात पिवळट पित्त उतरलेलं दिसे. एरवी ते तिथे नसे. मनाच्या स्थितीचा आतड्या-जठरावर होणारा परिणाम माणसात इतक्या थेट पाहिल्याच्या या अगदी सुरुवातीच्या नोंदी आहेत. अलेक्सिस कशामुळे चिडत असेल, हा प्रश्न मात्र बोमाँटने टिपणांत फारसा विचारलेला नाही.

आणि दारू?

१८३३ च्या उन्हाळ्यात अलेक्सिस काही दिवस सलग दारू पीत होता. जठराच्या अस्तरावर लाल चट्टे आणि व्रणासारखे डाग दिसले, रस चिकट आणि रक्ताळ झाला. महत्त्वाचं हे की त्या वेळी अलेक्सिसची पोटाची काहीच तक्रार नव्हती. बाहेरून सगळं ठीक, आतून जठर सोललेलं. दारू बंद झाल्यावर काही दिवसांत अस्तर पूर्ववत झालं. ‘मला तर काही त्रास होत नाही’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाला ही नोंद दाखवण्यासारखी आहे.

‘भात एका तासात पचतो’ असा तक्ता फिरतो, तो याचाच का?

बोमाँटच्या पुस्तकात कोणता पदार्थ किती वेळात पचतो याचा तक्ता आहे आणि पुढे कितीतरी आरोग्यविषयक पुस्तकांनी तो उचलला. त्यात शिजवलेल्या भाताला १ तास, उकळलेल्या दुधाला २ तास, कच्च्या अंड्याला २ तास, गव्हाच्या ताज्या पावाला साडेतीन तास, शिजवलेल्या कोबीला साडेचार तास आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास दिले आहेत.

हे आकडे वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, ही सगळी निरीक्षणं एकाच माणसाची आहेत, तेही कुशीला छिद्र असलेल्या. दुसरी, अन्न जठरातून पुढे सरकण्याचा हा वेळ आहे. पचनाचं आणि शोषणाचं मोठं काम त्यानंतर लहान आतड्यात होतं. त्यामुळे भात हलका, हे अनुभवाने बरोबर असलं तरी या तक्त्यावरून कुणी पथ्यपाणी ठरवू नये.

त्याच्या कोणत्या गोष्टी चुकल्या?

भूक लागते ती रस स्रवणाऱ्या नलिका तट्ट फुगल्यामुळे, असं त्याचं मत होतं. ते टिकलं नाही. मसालेदार पदार्थ निरोगी जठराला अपायकारक असतात, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या पुराव्याच्या मानाने फारच पुढे गेलेला आहे, असं आमचं मत आहे. जठररसात आम्लाखेरीज आणखी काहीतरी कार्यकारी द्रव्य असलं पाहिजे, हे त्याला जाणवलं होतं, पण ते वेगळं काढण्याइतकं रसायनशास्त्र त्याच्याकडे नव्हतं. ते द्रव्य म्हणजे पेप्सिन, आणि ते जर्मनीत थिओडोर श्वान याने १८३६ मध्ये शोधलं.

आपल्याला रसायनशास्त्र कमी येतं, हे बोमाँटला ठाऊक होतं. म्हणून त्याने रसाचे नमुने व्हर्जिनियात रॉब्ली डंग्लिसन आणि येलला बेंजामिन सिलिमन यांच्याकडे तपासायला पाठवले. दोघांनीही हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं कळवलं. एक बाटली स्वीडनला रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसकडेही गेली, पण त्यातून काही हाती लागलं नाही.

अलेक्सिसची या सगळ्याला संमती होती का?

आज ज्याला आपण संमती म्हणतो, तशी नव्हती.

परिस्थिती पाहा. एप्रिल १८२३ मध्ये स्थानिक प्रशासनाने त्याचा खर्च उचलायचं थांबवलं. तो निराधार ठरला आणि त्याला होडीने दीड हजार मैलांवरच्या त्याच्या गावी परत पाठवायचं ठरलं. जखम अजून उघडी होती, प्रवासात तो मेला असता. बोमाँटने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, रोज पट्ट्या बदलल्या. लष्करी डॉक्टरच्या बेताच्या पगारात त्याने हे केलं. हा उपकार खोटा म्हणता येणार नाही. अलेक्सिस त्याच्यामुळेच जगला.

पण सुधारल्यावर तो त्याच घरात गडी झाला. लाकडं फोडायची, सामान वाहायचं आणि डॉक्टर म्हणेल तेव्हा कूस उघडी करून झोपायचं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. एका बाजूला जीव वाचवणारा, अन्न देणारा, गणवेशातला मालक. दुसऱ्या बाजूला परक्या भाषेच्या मुलखातला जखमी मजूर. अशा स्थितीत ‘हो’ला किती अर्थ उरतो? बोमाँटच्या पत्रांमध्ये अलेक्सिसच्या हट्टीपणाबद्दल वैताग पानोपानी दिसतो. रोज उपाशी राहणं, पोटातून दोरे आणि नळ्या काढून घेणं, नंतर दिवसभर मळमळ, आणि बेटावरच्या लोकांची टवाळी, हे सोसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तो हट्टीपणा फार वेगळा दिसतो.

बोमाँट क्रूर होता असं आम्ही म्हणत नाही. तो मेहनती, काटेकोर आणि नोंदींच्या बाबतीत प्रामाणिक होता. अलेक्सिसच्या शरीरावर आपला हक्क आहे, अशी त्याची समजूत मात्र हळूहळू पक्की होत गेली आणि तीच त्याची सर्वांत मोठी चूक.

तो पळून गेला होता ना?

१८२५ मध्ये बोमाँटची बदली फोर्ट नायगाराला झाली, अलेक्सिसला त्याने सोबत नेलं. तिथून व्हर्मांट आणि प्लॅट्सबर्गला गेल्यावर कॅनडाची सीमा अगदी जवळ आली, आणि अलेक्सिस न सांगता घरी निघून गेला. चार वर्षं त्याने पुन्हा फर कंपनीचं काम केलं, लग्न केलं, मुलं झाली. पोटाला भोक असताना होड्या वल्हवल्या.

१८२९ मध्ये बोमाँटने फर कंपनीच्या माणसांकरवी त्याला शोधून काढलं आणि मिसिसिपीकाठच्या फोर्ट क्रॉफर्डला बोलावून घेतलं. तो बायको आणि दोन मुलांसह आला. १८३१ च्या वसंतात बायकोला घरची ओढ लागली, तेव्हा सगळं कुटुंब उघड्या होडीतून निघालं : मिसिसिपीने सेंट लुईसवरून खाली, मग ओहायो नदीने वर, ओहायो राज्य ओलांडून इरी सरोवर, पुढे ऑन्टारिओ आणि सेंट लॉरेन्स नदीने माँट्रियल. जूनमध्ये पोचले. हा प्रवास आम्ही मुद्दाम सविस्तर दिला आहे, कारण पाठ्यपुस्तकांत अलेक्सिस म्हणजे पोटाचं एक छिद्र एवढाच उरतो.

दोघांमध्ये लेखी करार झाला होता, तो काय होता?

ऑक्टोबर १८३२ चा करार. अलेक्सिसने एक वर्ष बोमाँटसोबत राहायचं, तो नेईल तिथे जायचं, प्रयोगांना आडकाठी करायची नाही. बदल्यात जेवणखाण, कपडे, राहायची जागा आणि वर्षाला १५० डॉलर; त्यातले ४० आगाऊ, ११० वर्षअखेर. पुढे वॉशिंग्टनमध्ये सर्जन जनरल, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख, जोसेफ लव्हेल यांच्या मदतीने अलेक्सिसचं नाव लष्कराच्या यादीत सार्जंट म्हणून घातलं गेलं, म्हणजे त्याचा पगार सरकारातून निघू लागला. माणसावरच्या प्रयोगासाठी लेखी करार, हे त्या काळी जवळजवळ ऐकिवातच नव्हतं. पण करारात चाकरीच्या अटी आहेत. धोका काय, त्रास काय, मधेच थांबता येईल का, याबद्दल अवाक्षर नाही.

पुस्तक कधी आलं?

१८३३ मध्ये, प्लॅट्सबर्गच्या एका छोट्या छापखान्यातून, स्वतःच्या खर्चाने. दोनशेहून अधिक प्रयोग आणि शेवटी ५१ निष्कर्ष. दुसऱ्याच वर्षी जर्मन भाषांतर झालं, १८३८ मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू कूम यांनी आपल्या टिपांसह तिकडे आवृत्ती काढली. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी गांभीर्याने वाचलेलं हे अमेरिकेतलं पहिल्या काही पुस्तकांपैकी एक. पुढे क्लोद बर्नार आणि पावलोव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या जठराला मुद्दाम छिद्र ठेवून जे प्रयोग केले, त्यांच्या मागे अलेक्सिसची ही अपघाती खिडकी होती.

पुस्तकानंतर बोमाँटचं काय झालं?

१८३४ मध्ये तो सेंट लुईसजवळच्या लष्करी ठाण्यावर गेला, काही वर्षांनी लष्कर सोडलं आणि त्या शहरात त्याने भरभराटीचा दवाखाना चालवला. १८४९ ची कॉलऱ्याची साथ त्याने तिथेच पाहिली. १८४० च्या एका खून खटल्यात मयताच्या कवटीला त्याने केलेली शस्त्रक्रिया वादात सापडली. पोटात डोकावणाऱ्या डॉक्टरला मेंदूतही डोकावायचं होतं, असा सूर बचाव पक्षाने लावला. मार्च १८५३ मध्ये तो बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून पडला आणि २५ एप्रिलला वारला.

अलेक्सिस १८३४ मध्ये घरी गेला तो पुन्हा आला नाही. बोमाँट जवळजवळ मरेपर्यंत पत्रं आणि पैशांची आमिषं पाठवत राहिला. अलेक्सिसकडून दुसऱ्या कुणाच्या तरी हातून लिहिलेली उत्तरं येत : घर गरीब आहे, बायको सोडत नाही, जास्त पैसे द्याल तर बघू.

अलेक्सिस किती वर्षं जगला?

२४ जून १८८० पर्यंत. डॉक्टरनंतर २७ वर्षं, अपघातानंतर ५८ वर्षं, शेवटपर्यंत ते भोक तसंच. मधल्या काळात शेतमजुरी, गरिबी, आणि १८५६ मध्ये एका माणसाने त्याला शहरोशहरी फिरवून केलेलं प्रदर्शनही. त्याच्या जन्मवर्षाबद्दल नोंदी जुळत नाहीत, म्हणून इथे वय दिलेलं नाही.

तो गेल्याचं कळताच माँट्रियलमधले डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना शवविच्छेदन करून जठर संग्रहालयासाठी मिळवायचं होतं. गावाकडून तार आली : शवविच्छेदनाला येऊ नका, जिवाला मुकाल. घरच्यांनी जूनच्या उन्हात मृतदेह चार दिवस घरातच ठेवला, कुणाच्या उपयोगाचा उरू नये म्हणून. दुर्गंधीमुळे शवपेटी चर्चच्या आत नेता आली नाही. मग आठ फूट खोल खड्डा खणून त्याला पुरलं. त्या कुटुंबाने आयुष्यभर जे पाहिलं होतं, त्यानंतर हे वागणं आम्हाला पूर्ण समजतं. १९६२ मध्ये कॅनडातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्याच्या दफनस्थळी त्याच्या नावाचा फलक लावला.

आज असा प्रयोग करता येईल का?

या पद्धतीने नाही. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम घालून देणारी १९४७ ची न्युरेम्बर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा यांनंतर प्रयोगाची माहिती समजून घेतलेली, स्वेच्छेची आणि कधीही मागे घेता येणारी संमती अनिवार्य आहे. नीतिसमितीची परवानगीही लागते. शिवाय एंडोस्कोपीमुळे जठर आतून पाहायला कुणाच्या पोटाला भोक असण्याची गरज उरलेली नाही.

मूळ पुस्तक वाचायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला असल्याने ते इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी जुनं असलं तरी सोपं आहे. आधी प्रस्तावनेतली जखमेची हकिगत वाचा, मग थेट १८२५ च्या पहिल्या प्रयोगमालिकेवर या; ती छोटी आहे आणि तिच्यात सगळं सापडतं. मधले सिद्धान्ताचे अध्याय नंतर वाचले तरी चालतील. प्रयोग वाचताना तापमान आणि वेळ यांच्या रकान्यांसोबत अलेक्सिस त्या दिवशी कसा होता, हे सांगणाऱ्या ओळींवर पेन्सिलने खुणा करत चला. त्या ओळी थोड्या आहेत, पण अलेक्सिसबद्दल आपल्याला जे काही थेट कळतं, त्यातलं बरंचसं तिथेच आहे.